अकरावीपासून सीईटी आणि जेईईची तयारी: सल्ला हवा आहे

माणदेशी:
माझ्या मुलीने यंदा राज्य मंडळाच्या अकरावी विज्ञान शाखेत प्रवेश घेतला असून तिला संगणक अभियांत्रिकीला जायचे आहे. आमच्या तालुक्याच्या गावी मोठे क्लास नाहीत आणि तिला लातूरला किंवा कोट्याला एकटीला ठेवण्याची आमची तयारी नाही. घरी राहून एमएचटी-सीईटी (राज्याची प्रवेश परीक्षा) आणि जेईई मेन (देशपातळीवरची अभियांत्रिकी प्रवेश परीक्षा) या दोन्हींचा अभ्यास होऊ शकेल का, आणि होत असेल तर या वर्षी कशावर भर द्यावा, हे जाणकारांनी कृपया सांगावे.

भौतिकवाला:
मी कनिष्ठ महाविद्यालयात भौतिकशास्त्र शिकवतो. दोन्ही परीक्षा देता येतात, परंतु मुख्य परीक्षा कोणती हे आत्ताच ठरवा, आणि महाराष्ट्रातच शिकायचे असेल तर ती सीईटी असावी, असे माझे स्पष्ट मत आहे. सीईटीत १८० मिनिटांत १५० प्रश्न असतात. पहिल्या ९० मिनिटांत भौतिक आणि रसायनचे मिळून १०० प्रश्न सोडवावे लागतात, त्यानंतरच गणिताचा भाग उघडतो. गणिताच्या ५० प्रश्नांना प्रत्येकी दोन गुण असल्यामुळे २०० पैकी १०० गुण एकट्या गणिताचे आहेत. चुकीच्या उत्तराला गुण कापले जात नाहीत, म्हणून तिथे वेग महत्त्वाचा. जेईई मेनमध्ये तीन तासांत ७५ प्रश्न आणि ३०० गुण असतात, चुकीच्या उत्तराला एक गुण वजा होतो, आणि तिथे एकेका प्रश्नावर थांबून विचार करावा लागतो.

राज्य मंडळाच्या विद्यार्थ्यांची खरी अडचण वेगळीच आहे. रोटेशनल डायनॅमिक्स, थर्मोडायनॅमिक्स आणि ऑसिलेशन्स हे धडे, जेईईचा अभ्यासक्रम ज्यांच्याशी जुळतो त्या एनसीईआरटीच्या (केंद्रीय) पुस्तकांत अकरावीत आहेत, आपल्याकडे मात्र ते बारावीच्या पुस्तकात आहेत. त्यामुळे अकरावीचे पुस्तक संपले म्हणजे जेईईचा अकरावीचा भाग झाला, असे होत नाही. हे धडे अकरावीनंतरच्या उन्हाळी सुट्टीत आधीच वाचून घेतले, तर जानेवारीच्या जेईईलाही ते उपयोगी पडतात आणि बारावीचे वर्षही हलके होते. जानेवारी आणि एप्रिल या दोन्ही सत्रांना बसल्यास त्यांतील चांगला स्कोअर धरला जातो, तेव्हा जानेवारीच्या निकालाने तिने खचून जाऊ नये. सीईटीत साधारण २० टक्के प्रश्न अकरावीच्या ठरावीक धड्यांवर येतात, म्हणून अकरावी हे विश्रांतीचे वर्ष समजू नये.

बोर्डाच्या गुणांकडेही दुर्लक्ष नको. जेईई मेनमधून प्रवेश मिळणाऱ्या एनआयटी या केंद्रीय अभियांत्रिकी संस्थांसाठी खुल्या प्रवर्गात बारावीला ७५ टक्के किंवा मंडळातील वरच्या २० पर्सेंटाइलमध्ये स्थान लागते.

अकोलेकर:
अभ्यासाबद्दल वर सविस्तर आले आहे, मी कागदपत्रांबद्दल लिहिते. आपण राखीव प्रवर्गात येत असाल, तर जात वैधता प्रमाणपत्राचा अर्ज बारावीच्या निकालापर्यंत लांबवू नका, कारण पडताळणी समितीत जुने पुरावे मागितले जातात. इतर मागास वर्गासाठी १३ ऑक्टोबर १९६७ पूर्वीचा पुरावा लागतो, आणि आजोबांच्या शाळेच्या रजिस्टरचा उतारा मिळवण्यातच कधी कधी महिने जातात. अधिवास प्रमाणपत्र आणि नॉन-क्रीमीलेअर (उन्नत गटात मोडत नसल्याचे) प्रमाणपत्र यांच्याकडेही वेळीच लक्ष द्यावे.

माणदेशी:
आपणा दोघांचे मनःपूर्वक आभार. आम्ही इतर मागास वर्गात येतो, त्यामुळे उतारा मिळवण्यासाठी याच आठवड्यात गावच्या शाळेत जातो. सर, पुस्तकांची सुरुवात कोठून करावी?

भौतिकवाला:
बालभारतीच्या पुस्तकांतील प्रत्येक स्वाध्याय आधी स्वतः सोडवावा, त्यानंतर त्या धड्यावरचे सीईटीचे मागील वर्षांचे प्रश्न घड्याळ लावून सोडवावेत. एनसीईआरटी रसायनशास्त्रासाठी सुरुवातीपासून सोबत ठेवावे. जेईईचे वेगळे जाड संच दिवाळीपर्यंत घेऊ नयेत, कारण मूळ पुस्तक अर्धवट असताना ते हाती पडले की मुले दोन्हीकडे मागे राहतात. आठवड्यातून एक दिवस त्या आठवड्यात चुकलेले प्रश्न पुन्हा सोडवण्यासाठी राखून ठेवावा.