मदत हवी आहे: अनुदानित शाळेतून मुख्याध्यापक की शिक्षण खात्यात अधिकारी?

खडूफळा: खासगी अनुदानित माध्यमिक शाळेत सहशिक्षक. बी.एस्सी., बी.एड., वय ३४, खुला प्रवर्ग. संस्थेच्या तीन शाळा. केंद्रप्रमुखाची (जवळपासच्या शाळांच्या गटावर देखरेख ठेवणारं पद) विभागीय परीक्षा देता येईल का? नसेल तर पुढे मार्ग कोणता? सेवाज्येष्ठता यादी अजून हातात आलेली नाही.

नियमपंडित: केंद्रप्रमुखाचा विचार सोडा. ती परीक्षा जिल्हा परिषदेच्या शिक्षकांसाठी. खासगी शाळेतली सेवा तिथे धरत नाहीत.

आधी यादी मिळवा, बाकी सगळं नंतर. खासगी शाळांतल्या कर्मचाऱ्यांच्या १९८१च्या सेवाशर्ती नियमावलीतला नियम १२ बघा: यादी अनुसूची 'फ'प्रमाणे (ज्येष्ठता ठरवायचे निकष) करून, सर्वांना देऊन पोच म्हणून सह्या घ्यायच्या असतात. संस्थेकडे लेखी मागा, आवक क्रमांक घ्या. हरकतही लेखीच. वाद मिटला नाही तर निर्णय शिक्षणाधिकाऱ्यांचा.

मुख्याध्यापकपदाला पदवीनंतर पाच वर्षं पूर्णवेळ अध्यापन लागतं, त्यातली किमान दोन बी.एड.नंतरची. पात्र असलेल्यांत ज्येष्ठ आणि सेवा समाधानकारक असेल त्याला पद. तुमच्या तीन शाळा आहेत, म्हणजे ज्येष्ठता तिन्ही मिळून. नुसती आपल्या स्टाफरूममधली डोकी मोजून उपयोग नाही. यादीत तुमच्या वरच्या प्रत्येकाची ५८ (निवृत्तीचं वय) पूर्ण होण्याची तारीख नावापुढे लिहा. तुमची पाळी कधी येते ते तिथेच कळेल.

खडूफळा: एक सहकारी डी.एड.वर माझ्या आधी लागले, बी.एड. मी लागल्यानंतर झालं. वर कोण?

नियमपंडित: 'क' प्रवर्गात (ज्येष्ठतेसाठी पदवी आणि बी.एड. असलेल्या शिक्षकांचा गट) ते बी.एड. मिळाल्याच्या तारखेला येतात, त्यामुळे तुम्ही वर. नेमणुकीची तारीख बघून नावं लावायची, ही कारकुनी चूक बऱ्याच याद्यांत असते. सेवापुस्तकात बी.एड.ची नोंद साक्षांकित आहे ना, तेही पाहून घ्या.

टाचणवही: सर, एक भर. मुख्याध्यापकपदावरचा हक्क तात्पुरता किंवा कायमचा सोडता येतो. "जरा सही करा" म्हणून कागद पुढे आला तर त्यात 'कायमचा' शब्द आहे का ते आधी वाचा.

पाळी लांब असेल तर एमपीएससीची राज्यसेवा. खुल्या प्रवर्गाला कमाल वय ३८, म्हणजे हातात वेळ थोडा. मुख्य परीक्षा आता वर्णनात्मक: नऊ पेपर, गुणवत्तेसाठी १७५० गुण, मुलाखत २७५. पूर्वपरीक्षेतल्या सीसॅटला (आकलन आणि बुद्धिमापनाचा पेपर) ३३ टक्के पुरतात, पण तेवढे हवेतच. शिक्षण सेवेतली पदं प्रत्येक जाहिरातीत असतीलच असं नाही, पदांचा तक्ता बघूनच पसंतीक्रम ठरवा. अर्ज केल्याचं संस्थेला लेखी कळवा आणि राजीनामा मात्र नेमणुकीचा आदेश हातात पडल्यावरच.