तळघरात लाल द्रवाचे काचेचे जुने अग्निशामक गोळे सापडलेत – ओळख आणि विल्हेवाटीसाठी मदत हवी आहे

नमस्कार मंडळी,

आम्ही पेनसिल्व्हेनियात एक जुनं घर घेतलंय, १९३०च्या सुमाराचं. तळघरात घर गरम ठेवणारी तेलावर चालणारी भट्टी (फर्नेस) आहे. तिच्या बरोबर वर, छताच्या तुळईला पत्र्याचं ब्रॅकेट ठोकलेलं आहे आणि त्यात काचेचा एक गोळा अडकवलाय. आकार जुन्या मोठ्या बल्बसारखा, काच पातळ, आत फिकट लाल द्रव. बूच वगैरे काही नाही, काच वितळवूनच तोंड बंद केलंय. ब्रॅकेटला ताणलेली स्प्रिंग आहे, तिचा टोकदार दांडा गोळ्याकडे रोखलेला आणि मधे धातूची एक छोटीशी पट्टी ते सगळं अडवून धरतेय. वरची अक्षरं रंग उडाल्यामुळे वाचता येत नाहीत. शेजारच्या फळीवर असेच आणखी तीन गोळे पुठ्ठ्याच्या खोक्यात सुटे पडलेत.

नेटवर शोधलं तर कोणी म्हणतं आत मिठाचं पाणी असतं, कोणी म्हणतं विष असतं. घराची तपासणी करायला आलेल्या माणसाने "शोभेची वस्तू आहे, राहू द्या" म्हणून विषय संपवला. सासूबाई सध्या इथे आल्यात, त्यांना गोळे फार आवडले. बैठकीच्या खोलीतल्या काचेच्या कपाटात मांडू या म्हणतात. पण घरात रांगतं बाळ आहे, मला धीर होत नाही. आत काय आहे ते न फोडता कसं ओळखायचं? बेसिनमध्ये ओतून रिकामा गोळा ठेवता येईल का? जाणकारांनी कृपया सांगा, जरा घाईत आहे.

प्रतिसाद १

ताई, आधी हे करा: तळघराचं दार बंद ठेवा, बाळाला तिकडे नेऊ नका आणि ब्रॅकेटला अजिबात हात लावू नका. ती छोटी पट्टी आगीच्या उष्णतेने वितळावी म्हणूनच बसवलेली असते. ती वितळली की स्प्रिंग सुटते, दांडा काच फोडतो आणि द्रव खाली आगीवर पडतो. इतक्या वर्षांनी ती गंजली असेल तर नुसत्या धक्क्यानेही सुटू शकते.

आता ओळख. अमेरिकेत १८७० ते १८९०च्या दरम्यान हातात धरून आगीवर फेकायचे 'ग्रेनेड' विकले जात. न्यूयॉर्कचे हेवर्ड, शिकागोचे हार्डन स्टार. जाड काच, निळी, हिरवी किंवा मधाच्या रंगाची, तिच्यावर उठावाची अक्षरं आणि तोंडाला बूच लावून वर सिमेंट. त्यात बहुतेक मिठाचं पाणी असायचं. तुमचं वर्णन मात्र विसाव्या शतकातल्या मालाचं आहे. कोलोराडोतल्या लिटलटनची 'रेड कॉमेट' आणि 'ऑटोमॅटिक फायरमन ऑन द वॉल' अशी जाहिरात करणारं 'शुर-स्टॉप', ही त्यातली गाजलेली नावं. पातळ काच, वितळवून बंद केलेलं तोंड आणि स्प्रिंगचं ब्रॅकेट दिसलं की आत कार्बन टेट्राक्लोराइड हे विषारी रसायन आहे असंच धरून चालायचं. रंगावर जाऊ नका, तो मागाहून घातलेला असतो. हा द्रव खूप जड, लिटरला जवळपास १.६ किलो, पण म्हणून वजन करून बघायला गोळा उचलू नका.

प्रतिसाद २

मी रसायनशास्त्र शिकवायचे. आपल्याकडे अकरावी-बारावीला लेयर टेस्ट केलेल्यांनी हा द्रव पाहिलेला असेल: परीक्षानळीच्या तळाशी आयोडीनचा जांभळा थर दिसायचा तो याच्यातच. भारतात ओझोन थर वाचवण्यासाठीच्या मॉन्ट्रियल करारानुसार २०१०पासून तो, रासायनिक कच्चा माल म्हणून होणारा वापर सोडला तर, बंद झाला. अमेरिकेत घरगुती वापरावर १९७०मध्येच बंदी आली.

आग विझवायला तो खरोखर चांगला होता. वीज वाहत नाही, त्यामुळे मोटारगाड्या आणि विजेची उपकरणं यांच्यासाठी तो वापरत. १९११च्या सुमाराला आलेला पायरीन कंपनीचा आग विझवायचा पितळी हातपंपही यावरच चालायचा. जुन्या बाजारात तसा पंप दिसला आणि हलवल्यावर आत डुचमळलं, तर तोही विकत घेऊ नका. घोळ असा की तापलेल्या धातूवर पडला की या द्रवापासून फॉस्जीन तयार होतो. पहिल्या महायुद्धात वापरलेला विषारी वायू तो हाच. तुमचा गोळा फर्नेसच्या डोक्यावर आहे, म्हणून मला काळजी वाटते.

थंड असतानाही तो श्वासातून आणि त्वचेतून शरीरात जातो आणि यकृत व मूत्रपिंडं बिघडवतो. दारू पिणाऱ्याला त्रास कैकपटींनी जास्त. सुरुवातीला डोकं दुखतं, मळमळतं, मग बरं वाटतं आणि एक-दोन दिवसांनी कावीळ दिसते किंवा लघवी कमी होते. मधल्या काळात माणूस "काही नाही झालं" म्हणून दवाखान्यात जात नाही. याची वाफ हवेपेक्षा पाचपट जड, ती जमिनीलगत साठते. रांगणारं बाळ नेमकं तिथेच असतं, म्हणून कपाटाचा विचार सोडाच. बेसिनमध्ये तर थेंबही नको. हा पाण्याखाली बसतो, जमिनीत मुरून भूजलापर्यंत जातो आणि वर्षानुवर्षं तिथेच राहतो.

धागाकर्ती

दोघांचे मनापासून आभार. सासूबाईंना वाचून दाखवलं, त्यांनी लगेच कपाटाचा विषय सोडला. फर्नेसचं लाल पाटीचं बटण तळघराच्या जिन्याच्या वरच आहे, ते बंद केलंय. आता कोणाला फोन करू? आणि मधेच फुटला तर?

प्रतिसाद १

अग्निशमन दलाचा तातडीचा नसलेला नंबर लावा आणि "स्प्रिंगच्या ब्रॅकेटमध्ये कार्बन टेट्राक्लोराइडचा काचेचा गोळा आहे" असं स्पष्ट सांगा. ब्रॅकेटमधला गोळा त्यांच्या सल्ल्याशिवाय काढायचा नाही. तुमच्या काउंटीत (म्हणजे जिल्ह्यात) घरगुती घातक कचरा गोळा करतात. सुटे तीन तिकडे जातील, पण घेतात का आणि कसे बांधून आणायचे ते आधी विचारा. पुरातन वस्तू म्हणून कोणी विकत मागितले तरी पोस्टाने पाठवू नका.

फुटलाच तर पुसायला, झाडायला थांबू नका. सगळे बाहेर पडा, दार ओढून घ्या, बाहेरून ९११ लावा. कोणाच्या श्वासात वाफ गेली किंवा अंगावर थेंब उडाले, तर त्रास होत नसला तरी पॉयझन कंट्रोलला (विषबाधेच्या हेल्पलाइनला) विचारा: १-८००-२२२-१२२२. भिजलेले कपडे लगेच उतरवायचे, त्वचा साबणाने धुवायची.

गोळे गेल्यावर ब्रॅकेटची स्प्रिंग अग्निशमन दलाकडूनच सोडवून घ्या. मग ते रिकामं ब्रॅकेट सासूबाईंना खुशाल मांडू दे.