कृष्णाबाईच्या मांडवात पाणी तपासणीचा बोर्ड लावायचा का? वाईकरांनो बोला

घाटकरी:
बाहेरच्यांसाठी आधी थोडक्यात सांगतो. माघ लागला की वाईत कृष्णाबाईचा उत्सव सुरू होतो आणि एकेका घाटाची पाळी करत पार फाल्गुनापर्यंत चालतो. भीमकुंड आळी, धर्मपुरी, गंगापुरी, मधली आळी, गणपती आळी, ब्राह्मणशाही, रामडोह, असे सात घाट. प्रत्येक घाटावर मांडव पडतो, कृष्णाबाई बसते, कीर्तन, भजन, गाणं, व्याख्यान, बायका ओट्या भरतात आणि मग महाप्रसाद. अफझलखान वाईत तळ ठोकून होता तेव्हा शेंडे घराण्यातून कृष्णेला नवस बोलला गेला आणि १६५९ ला प्रतापगडाखाली खान पडल्यावर तो फेडायला उत्सव सुरू झाला ही कथा लहानपणापासून ऐकतोय आपण. म्हणजे हा उत्सव सरळ नदीचाच आहे, जिची ओटी भरतो ती समोर वाहतेय.

आता मुद्दा. घाटाच्या शेजारी नाला नदीत उतरतो ते सगळ्यांना दिसतं, वास पण येतो, पण इतकी सवय झालीय की कोणी थांबून बघत नाही. माझं म्हणणं असं की यंदापासून प्रत्येक घाटाच्या मांडवात, वर्गणीदारांच्या फ्लेक्सशेजारीच, त्या घाटाच्या पाण्याच्या तपासणीचा रिपोर्ट मोठ्या अक्षरात लावायचा. तीनच आकडे. बीओडी म्हणजे पाण्यातली घाण कुजताना किती ऑक्सिजन खाते ते, पाण्यात उरलेला ऑक्सिजन आणि फीकल कोलिफॉर्म म्हणजे मैल्यातले जंतू. अंघोळीच्या पाण्याचे निकष पण बाजूला लिहायचे, बीओडी लिटरला ३ मिलिग्रॅमच्या आत, ऑक्सिजन ५ च्या वर, आणि मैल्याचे जंतू १०० मिलीमध्ये ५०० पर्यंत असले तर बरं, २५०० च्या वर अजिबात नको. आकडा एकदा भिंतीवर लागला की पुढच्या माघात विचारता येतं, वाढला का कमी झाला. नाहीतर नुसतं "नदी घाण झाली हो" म्हणत आपली एक पिढी गेली, दुसरी पण जाईल.

मधली_आळी:
माझा पूर्ण विरोध, आणि मी समितीत काम केलेला माणूस आहे म्हणून बोलतोय. पहिली गोष्ट, सांडपाण्याची व्यवस्था हे १९६५ च्या नगरपरिषद कायद्यानं पालिकेचं आवश्यक कर्तव्य आहे, घाटाच्या उत्सव समितीचं नाही. लोक वर्गणी देतात ती कृष्णाबाईच्या सेवेसाठी देतात. पोरं नोकऱ्या सांभाळून मांडव घालतात, पंगती वाढतात, रात्री घाट धुतात, आणि त्यांच्याच मांडवात बोर्ड लावायचा की तुमच्या घाटाचं पाणी असं आहे? ज्याचं काम आहे त्याच्या दारात लावा की.

दुसरं, आकड्यांचंच बोलायचं तर तुमचा आकडा खरं काय ते सांगणारच नाही. वर धोम धरण आहे, साडेतेरा टीएमसीचं. पाणी जातं कालव्यानं खाली शेतीला, नदीत किती येतं ते सोडण्यावर अवलंबून. उत्सवाच्या आदल्या दिवशी पाणी सोडलं तर तुमचा बोर्ड चकाचक, नाही सोडलं तर भयानक. मग तो आकडा वाईच्या गटारांचा झाला का धरणाच्या दाराचा?

तिसरं, ओटी भरायला खेड्यापाड्यातून आलेल्या म्हातारीला मैल्याच्या जंतूंचा आकडा वाचून दाखवायचा ही कुठली सेवा.

पाईपवाला:
धरणाचा मुद्दा एकदम बरोबर आहे पण त्यावर उपाय सोपा आहे. एका ठिकाणी नमुना घेऊच नका, दोन ठिकाणी घ्या. एक गावाच्या वर, मेणवलीच्या बाजूला, आणि एक घाटाला. पाणी सोडलं असेल तर दोन्हीकडं सोडलेलंच असणार ना, मग दोन आकड्यांतला जो फरक येतो तो आपल्या गावाचा. मी या धंद्यातला आहे म्हणून अजून एक सांगतो, बिसलरीच्या रिकाम्या बाटलीत पाणी भरून दुसऱ्या दिवशी लॅबला पाठवलं तर जंतूंच्या तपासणीला काही अर्थ नाही, लॅबकडून निर्जंतुक बाटली आणायची, बर्फात ठेवायची आणि त्याच दिवशी पोचवायची. आणि तारीख, वेळ, जागा बोर्डावर लिहायची. प्रदूषण नियंत्रण मंडळ कृष्णेचे नमुने घेतंच, त्याच्याशी पण ताडून बघता येईल.

बाकी मूळ दुखणं वेगळंय. लहान गावात सांडपाणी प्रकल्प बांधायला निधी मिळतो, चालवायला मिळत नाही. आपल्यासारख्या नदीकाठच्या उतारावरच्या गावात सगळं पाणी खाली घाटाकडं येतं, ते अडवून पंपानं उचलून प्लांटला न्यावं लागतं. म्हणजे पंप दिवसरात्र चालू, त्याचं लाईटबिल, ऑपरेटर, दुरुस्ती. लाईट गेली, जनरेटर नसला, की पंपाजवळची सांडपाण्याची विहीर भरून ओसंडते आणि पाणी जातं नेहमीच्याच वाटेनं. हरित लवादानं २०१९ ला आदेश दिला होता की नाल्याच्या पाण्यावर निदान जागच्या जागी तरी उपचार करा, नाही केले तर १ एप्रिल २०२० पासून महिन्याला नाल्यामागं ५ लाख भरपाई. ती भरपाई शेवटी कोणाच्या खिशातून जाणार, घरपट्टी भरणाऱ्याच्याच.

माहेरवाशीण:
मी लग्न होऊन पुण्यात आले तरी कृष्णाबाईची ओटी चुकवत नाही, म्हणून मला बोलायचा हक्क आहे असं समजते. मधली आळीवाले दादा, राग मानू नका, पण "म्हातारीला आकडा कशाला दाखवायचा" हे वाक्य मला फार लागलं. ओटी भरणाऱ्या बायकांना काय कळतं आणि काय सोसतं हे तुम्ही पुरुष मंडळींनी मांडवात बसून ठरवू नका. माझी आई याच घाटावर धुणं धुवायची, लहानपणी आम्ही ओंजळीनं पाणी प्यायलोय. आता मी मुलीला घेऊन येते तर ती पायरीवर उतरायला नको म्हणते आणि मी पण तिला आग्रह करत नाही. माझ्या मनातली कृष्णाबाई त्यानं कमी झालेली नाही. उलट बोर्ड असेल तर मला वाटेल की घाटावरच्या माणसांना पण तेच दुखतंय जे मला दुखतंय.

आणि बोर्ड लावाल तेव्हा खाली हे पण लिहा की खण-नारळ प्लास्टिकच्या पिशवीसकट पाण्यात सोडू नका. ते पालिका करत नाही, ते आपण बायकाच करतो.

मधली_आळी:
ताई, तुमच्या भावनेचा आदर आहे. म्हातारीबद्दलचा शब्द मी अपमान म्हणून नाही वापरला, ती वर्षातनं एकदा दोन घटका समाधानाच्या घ्यायला येते, तिचं तेवढं तरी राहू दे इतकंच म्हणायचं होतं. पण मी मागं हटत नाही. बोर्डाचा फोटो तासाभरात सगळीकडं फिरणार. "वाईची कृष्णा विषारी" असं काहीतरी वर लिहून. ढोल्या गणपतीला येणारा माणूस, मेणवलीचा वाडा बघायला येणारा माणूस, त्याच्यावर गावातली किती दुकानं, खानावळी, रिक्षा चालतात? आणि बोलणी बसणार कोणाला तर घाटाच्या पोरांना. पुढच्या वर्षी वर्गणी मागायला गेले की लोक म्हणणार, आधी नाला बघा.

घाटकरी:
म्हणू देत की! वर्गणी मागायला गेल्यावर कोणी "आधी नाला बघा" म्हणालं तर मी तरी त्याला नमस्कार करीन. आज तेवढं पण कोणी म्हणत नाही.

बावधनकर:
तुम्ही वाईकर सगळं वाईपुरतंच बोलताय म्हणून मध्ये पडतो. आम्ही तुमच्या खालच्या अंगाला. रंगपंचमीला आमचं बगाड असतं, भैरवनाथाचं. बगाड म्हणजे नवसाच्या माणसाला उंच चढवून ओढायचा लाकडी गाडा, आणि चढणारा तो बगाड्या. होळीला कौल लागून बगाड्या ठरतो, आणि रंगपंचमीला सोनेश्वराला त्याला कृष्णेत अंघोळ घालून मग बगाडावर चढवतात आणि तिथनं बैलं जुंपून गावापर्यंत वढत आणत्यात. नवसाचा माणूस तो, उपास धरलेला. त्याला ज्या पाण्यात अंघोळ घालतो ते पाणी तुमच्या सातही घाटांवरनं आमच्याकडं येतं. आमच्याकडं कधी कोणी विचारलं का की बाबा तुमच्याकडं पाणी कसं पोचतंय?

बोर्ड लावायचा तर सोनेश्वराचा आकडा पण त्यावर लिहा. आणि उत्सवाच्या पैशाचं म्हणाल तर बगाडाला आमची गावकी उभी राहते, लाकडापासनं बैलापर्यंत सगळं घराघरातनं येतं, त्यातनं पाण्याच्या दोन बाटल्या तपासायचा खर्च निघणार नाही असं कोण म्हणंल.

मधली_आळी:
बावधनकर, तुमच्या गावची गटारं मग कुठं जातात?

बावधनकर:
ओढ्याला. आणि ओढा नदीला. ते पण मोजा, आम्ही कुठं नको म्हणतोय. वर मोजा, मध्ये मोजा, खाली मोजा.

नदीकाठ:
मी बोर्डाच्या विरोधात आहे पण मधली आळीच्या कारणानं नाही. बोर्ड लावून लोक हळहळतील, प्रसाद घेतील, घरी जातील. काम होणार ते पैशानं, आणि पालिकेचं बजेट ठरतं फेब्रुवारीत, म्हणजे ऐन उत्सवात! सगळं गाव घाटावर कीर्तनात असतं तेव्हा तिकडं सभागृहात पुढच्या वर्षाचे आकडे मंजूर होत असतात. जवळजवळ चार वर्षं राज्यातल्या कितीतरी पालिकांवर प्रशासक होते तेव्हा विचारायला कोणी नव्हतं हे मान्य, पण डिसेंबर २०२५ ला निवडणुका झाल्या, आता प्रत्येक प्रभागाला नगरसेवक आहे. पाण्याचा रिपोर्ट घ्यायचा तर जानेवारीतच घ्या आणि सातही घाटांच्या समित्यांच्या सह्यांनिशी नगराध्यक्षांना द्या. सोबत एकच मागणी लिहा, पंपांच्या लाईटबिलाला आणि दुरुस्तीला वेगळी तरतूद, दुसरीकडं वळवता येणार नाही अशी. पाईपवाल्यांनी वर सांगितलंच की दुखणं तिथं आहे. सात समित्यांचं पत्र कुठलाही नगरसेवक केराच्या टोपलीत टाकू शकत नाही, मतं तिथंच आहेत.

घाटकरी:
पत्राची कल्पना चांगली आहे, ती करूच. पण बोर्डाच्या बदल्यात नको, बोर्डासोबत. पत्र दिलं की ते फायलीत जातं आणि पुढच्या वर्षी विचारायला कोणाच्या लक्षात राहत नाही, कारण गावानं आकडा पाहिलेलाच नसतो. बजेटच्या सभेला नागरिक म्हणून किती जण जातात? मांडवात अख्खं गाव येतं. नगरसेवक पण येतात, आरतीला पुढं उभे असतात. त्यांनी आरती करताना बाजूचा आकडा वाचावा एवढीच माझी इच्छा आहे.

माहेरवाशीण:
आणि कमी झाला तर तेही लागेल ना बोर्डावर. तो आनंद पण गावाचाच असेल.

पाईपवाला:
कोणत्या घाटापासून करायचं ते ठरवा, बाटल्या आणि लॅबचं मी बघतो. उत्सवाच्या आधी एक आणि महाप्रसादाच्या दुसऱ्या दिवशी सकाळी एक, असे दोन वेळा घ्यावे असं माझं मत. खरकटं, पत्रावळ्या, भांडी धुतलेलं पाणी, याचा पण फरक कळेल. थर्माकोलच्या ताटांवर २०१८ पासून बंदी आहे तरी काठावर काय काय सापडतं ते बघतोच आपण.

मधली_आळी:
प्रसादानंतर घाट कसा धुतला जातो ते येऊन बघा आणि मग बोला. आमच्या घाटावर एक पत्रावळ राहत नाही.

ठीक आहे, माझं शेवटचं सांगतो. आमच्या घाटाच्या मीटिंगला विषय मांडा, मी तिथं पण विरोधातच बोलणार आहे. नमुने घ्यायला कोणाला अडवणार नाही, वाटलं तर मी स्वतः बरोबर येतो, मेणवलीला पण आणि सोनेश्वराला पण. पण रिपोर्ट आधी समितीच्या हातात. सह्यांचं पत्र द्यायचं असेल तर माझी सही पहिली घ्या.

घाटकरी:
सही घेतोच. पण रिपोर्ट समितीच्या हातात आला आणि कपाटात राहिला तर? हातात आल्यापासून दोन दिवसांत मांडवात लागणार असेल तर मला मान्य आहे.

मधली_आळी:
दोन दिवसांत नाही. उत्सव उठल्यावर लावा, पाहिजे तर वर्षभर राहू दे.

बावधनकर:
उत्सव उठल्यावर घाटावर वाचायला कोण येतंय दादा?