मदत हवी आहे: ताग पॉलिप्रॉपिलीनला धरत नाही

नमस्कार मंडळी. सोलापुरात अक्कलकोट रोड एमआयडीसीत ताग आणि काचतंतू एकत्र घालून पॉलिप्रॉपिलीन या प्लास्टिकचे पत्रे दाबतोय. तुकडा मोडला की काचतंतूंना प्लास्टिक चिकटलेलं दिसतं, तागाचे धागे मात्र स्वच्छ निसटून येतात. ताग पाणी ओढणारा, पॉलिप्रॉपिलीन पाण्याशी फटकून वागणारं; जमणार कसं? ताग कॉस्टिक सोड्यात भिजवून, धुऊन, ओव्हनमध्ये वाळवून पाहिलं, थोडाच फरक पडला. (सोलापूरचं ऊनही आतला ओलावा पुरता काढत नाही!)

आता मॅलेइक अनहायड्राइड जोडलेलं पॉलिप्रॉपिलीन मिसळायचं म्हणतोय. ते धागा आणि प्लास्टिक यांना जोडतं: तागाच्या हायड्रॉक्सिल (पाणी ओढणाऱ्या -OH) गटांशी बंध करतं, अमिनोसायलेन (काच प्लास्टिकला धरावी म्हणून लावतात ते सायलेन रसायन) लावलेल्या काचेलाही चालतं. दोन्हींसाठी तेवढंच पुरेल, की तागाला वेगळं सायलेन लावू? प्रमाण किती टक्के? २०० अंशांच्या वर ताग करपू लागतो, तेव्हा तापमानही सांगा. आणि किलोभर नमुना कुठे मिळेल? विक्रेते पोत्यापेक्षा कमी मालाचं बोलतच नाहीत.