फॉर्ममधल्या त्या रकान्यात काय लिहू? (नर्सिंगला प्रवेश आणि फिटचा आजार)

पहाटझोप:

नमस्कार. इथे पहिल्यांदाच लिहितेय. बीएस्सी नर्सिंगला माझा नंबर लागलाय. सोमवारपर्यंत मेडिकलचा फॉर्म द्यायचा आहे. रक्तगट, हिपॅटायटिस बीच्या तिन्ही डोसांच्या तारखा, सगळं भरून झालं. एक रकाना मात्र चार दिवसांपासून कोरा आहे: 'दीर्घकालीन आजार, फिट येणे, चक्कर येणे, मानसिक आजार यांपैकी काही आहे का? असल्यास तपशील लिहा.'

मला जुवेनाईल मायोक्लोनिक एपिलेप्सी आहे, म्हणजे फिटच्या आजाराचाच एक प्रकार. पंधराव्या वर्षी कळलं. त्याआधी वर्षभर सकाळी उठल्या उठल्या हाताला झटका बसायचा, ब्रश उडून पडायचा, कंगवा पडायचा. घरी सगळे मला धांदरट म्हणायचे आणि मलाही ते खरं वाटायचं. मग परीक्षेच्या आदल्या रात्री तीनपर्यंत जागले, सहाला उठले आणि बेसिनपाशीच मोठी फिट आली. ईईजीत (मेंदूच्या लहरींच्या तपासणीत) निदान झालं. तेव्हापासून फिटची गोळी, लेव्हेटिरासिटाम ५००, सकाळी एक, रात्री एक. एकदा प्रवासात रात्रीची गोळी राहिली आणि दुसऱ्या दिवशी पुन्हा फिट आली. त्याला आता २२ महिने झाले. नंतर एकही नाही. झोप कमी झाली तर सकाळी बोटं उडतात, तेवढंच.

नर्सिंगच का, तेही सांगते. पहिल्या फिटनंतर शुद्ध आली तेव्हा जीभ चावलेली होती आणि मी कोण, कुठे, काही कळत नव्हतं. रात्रपाळीच्या सिस्टर माझ्या उशाशी बसून सावकाश सांगत होत्या, "तुला फिट आली होती. आता थांबली आहे. तू हॉस्पिटलमध्ये आहेस. आई बाहेरच आहे." मी पुन्हा पुन्हा तेच विचारत होते आणि त्या प्रत्येक वेळी पहिल्यांदाच सांगत असल्यासारखं सांगत होत्या. मला ते काम करायचंय.

बाबा म्हणतात, खरं तेच लिही. आत्या म्हणते, "२२ महिने काही झालेलं नाही, मग आपण होऊन सांगून सीट कशाला घालवायची?" माझे डॉक्टर म्हणाले की कोर्स करायला हरकत नाही, जागरणं सांभाळ, पण सांगायचं की नाही ते तू ठरव.

सीट जाईल ही एक भीती. सगळे माझ्याकडे 'हिला आता फिट येते की काय' असं बघत राहतील, ही दुसरी. तिसरी घरी कुणाला सांगितलेली नाही: माझ्या हातात नवजात बाळ असताना झटका आला तर? उगाच धीर देऊ नका, खरं असेल ते सांगा.


सातवा_वॉर्ड:

तुझं वाचून हातातलं काम बाजूला ठेवलं. मला हाच आजार आहे आणि मी १९ वर्षं वॉर्डात काम करतेय. मी त्या रकान्यात 'नाही' लिहिलं होतं.

त्याने काय झालं ते सांगते. गोळ्या मी व्हिटॅमिनच्या बाटलीत ठेवायचे आणि बाथरूममध्ये जाऊन घ्यायचे. माझी गोळीची वेळ आठची. सकाळची ड्युटी सातची, त्यामुळे आठला आंघोळी, बेड, राउंडची तयारी यांची अशी घाई असायची की गोळी नऊवर जायची, कधी दहावर. संध्याकाळची ड्युटी करून रात्री उशिरा खोलीवर यायचं आणि सकाळी परत सातला हजर, असे दिवस लागोपाठ यायचे. ड्युटी बदलून मागायची तर कारण सांगावं लागणार, आणि कारण तर मी लपवलेलं.

तिसऱ्या वर्षी अशाच एका सकाळी अँप्यूल (इंजेक्शनच्या औषधाची काचेची कुपी) फोडताना हात उडाला. काच बोटात गेली, औषध सांडलं. इन्चार्ज सिस्टर म्हणाल्या, लक्ष कुठे आहे? मी म्हटलं, "चुकलं, पुन्हा होणार नाही." त्या वेळी खरं सांगायला हवं होतं. आठ दिवसांनी ड्युटी रूममध्येच फिट आली. माझा इतिहास कुणालाच ठाऊक नव्हता, म्हणून 'आयुष्यातली पहिली फिट' धरूनच सगळं झालं. साखर तपासली, सीटी काढला आणि फेनिटॉइन हे फिटचं औषध सुरू केलं. आपल्या प्रकारच्या एपिलेप्सीत फेनिटॉइन किंवा कार्बामॅझेपिनने झटके वाढू शकतात. माझे वाढले, दोन दिवस हातात पेला धरता येईना. त्या डॉक्टरांची यात काहीच चूक नव्हती. माहिती द्यायची होती ती माझ्याकडे होती.

प्रिन्सिपल मॅडमनी नंतर मला फिटबद्दल एक शब्द विचारला नाही. त्यांनी विचारलं, "तीन वर्षांपूर्वी 'नाही' का लिहिलंस?" मला काढलं नाही, पण पुढे कितीतरी महिने माझ्या प्रत्येक नोंदीवर कुणीतरी दुसऱ्यांदा नजर टाकायचं. नाडी मोजून लिहिली तरी पुन्हा मोजायचे. आजारापेक्षा ते मला जास्त लागलं.

आता तुझी तिसरी भीती. ती खरी आहे आणि ती तुला वाटते याचं मला बरं वाटलं. आपले झटके बहुतेक उठल्यानंतरच्या पहिल्या तासा-दोन तासांत येतात आणि झोप मोडली की वाढतात. म्हणजे वाईट सकाळ कोणती, हे आपल्याला बऱ्याचदा आधी कळतं. अशा सकाळी मी इन्चार्जना सांगते, "आज हात उडतोय." मग मला कागदोपत्री काम, रुग्णाशी बोलणं, डिस्चार्ज समजावणं अशी कामं मिळतात आणि बाळ किंवा सुई दुसऱ्या कुणाच्या हातात जाते. एरवीही बाळाला मी बसूनच घेते. 'आज हात उडतोय' हे तीन शब्द मला पहिली तीन वर्षं म्हणता आले नाहीत. ते म्हणता यावेत एवढ्यासाठी तरी त्या रकान्यात 'हो' लिही.


मधुमालती_क:

माझं मत वेगळं आहे. माझ्या भावाने अशाच एका कोर्सच्या फॉर्मवर खरं लिहिलं होतं. फिट येऊन चार वर्षं झाली होती तरी त्याला बोलावून 'तुम्हाला झेपणार नाही' म्हणून परत पाठवलं. ना तपासणी केली, ना त्याच्या डॉक्टरांना विचारलं. तो आज दुसरंच काहीतरी करतो आणि ते त्याला आवडत नाही. खरं सांगा म्हणणं सोपं असतं, किंमत सांगणाऱ्याला मोजावी लागते.


शिकवणारी_बाई:

मधुमालती, तुमच्या भावावर अन्याय झाला. वैद्यकीय तपासणी न करता, नुसत्या आजाराच्या नावावर नाही म्हणणं हा भेदभावच आहे. अपंग व्यक्तींच्या हक्कांबाबत संयुक्त राष्ट्रांचा २००६ चा करार आहे. कामाच्या किंवा शिक्षणाच्या जागी वाजवी सोय नाकारणं हा भेदभाव मानला जाईल, असं त्यात स्पष्ट म्हटलेलं आहे. असं कुणाच्या बाबतीत झालं तर आधी नकाराचं कारण लेखी मागावं. लेखी द्यायची वेळ आली की 'झेपणार नाही' हे वाक्य पुष्कळदा मागे घेतलं जातं.

पहाटझोप, मी २६ वर्षं नर्सिंग शिकवते, असे फॉर्म माझ्या टेबलावर येतात. रकान्यात नुसतं 'एपिलेप्सी' लिहिलेलं असलं की वाचणारा घाबरतो, कारण त्या एका शब्दात रोज फिट येणारा माणूसही बसतो आणि तूही बसतेस. म्हणून रकान्यात 'हो, सोबतचं पत्र पाहावे' एवढंच लिही आणि डॉक्टरांकडून नीट पत्र घे. 'ड्युटीसाठी फिट आहे' या एका ओळीचा मला काहीही उपयोग होत नाही. आजाराचा प्रकार, शेवटची फिट कधी, औषध आणि डोस, फिट कशामुळे येते, आधी काही जाणवतं का, सावरायला किती वेळ लागतो, कोणती औषधं टाळायची, आणि कोणत्या सोयी लागतील, हे त्यात हवं.

सोयी मागताना रात्रपाळी पूर्ण माफ करा असं सरसकट लिहू नकोस. रात्रीचा वॉर्ड वेगळा असतो, तोही शिकावा लागतो. अर्थात तुझे डॉक्टर रात्रपाळी नकोच म्हणाले तर ते ऐकायचं. एरवी हे माग: संध्याकाळच्या ड्युटीला लागून सकाळची ड्युटी नको, पाळ्या सकाळ, मग संध्याकाळ, मग रात्र अशा क्रमाने फिराव्यात (उलट्या क्रमापेक्षा शरीराला हे सोपं जातं), रात्रपाळ्यांनंतर झोपेला पुरेसा वेळ मिळावा आणि गोळीच्या वेळी पाच मिनिटं सुट्टी मिळावी. यातलं काहीच अवघड नाही. ड्युटी चार्ट पेन्सिलीनेच केलेला असतो.

आणि हा कागद कोण कोण वाचणार, हे आधीच विचार. आरोग्याची फाइल अभ्यासाच्या फाइलपासून वेगळी राहायला हवी. वॉर्डातल्या इन्चार्जना फिट आल्यावर काय करायचं आणि कुणाला कळवायचं एवढं माहीत असलं की पुरे. हे मी एवढं ठासून सांगते, कारण यात मी स्वतः चुकले आहे. बऱ्याच वर्षांपूर्वी एका मुलीने मला तिच्या डिप्रेशनच्या गोळ्यांबद्दल विश्वासाने सांगितलं आणि मी ते स्टाफरूममध्ये बोलले. काळजीपोटीच बोलले, पण दोन दिवसांत ते वर्गात पोचलं आणि ती मुलगी कोर्स सोडून गेली. ती चूक माझी होती. तेव्हापासून अशी फाइल माझ्याच कुलुपात असते.

खरं सांग म्हणालीस म्हणून हेही सांगते. तुला महिन्या-दोन महिन्याला फिट येत असती, तर मी म्हटलं असतं, आधी औषध बसू दे, प्रवेश पुढच्या वर्षी घे. २२ महिन्यांत एकही फिट नसलेल्या मुलीला मी तसं म्हणणार नाही.


दुसरं_वर्ष:

मी सेकंड इयरला आहे, मला टाइप वन डायबिटीस आहे. कॉलेजचं वर सगळ्यांनी सांगितलंच आहे, मी वर्गाबद्दल सांगते. मी पहिल्या आठवड्यातच माझ्या पोस्टिंगच्या ग्रुपला स्वतःहून सांगितलं. युनिफॉर्मच्या खिशातल्या ग्लुकोजच्या गोळ्या काढून दाखवल्या. म्हटलं, साखर ७० च्या खाली गेली की मी १५ ग्रॅम ग्लुकोज घेते, १५ मिनिटांनी पुन्हा तपासते. मी विचित्र बोलायला लागले किंवा घामाघूम झाले तर भांडू नका, आधी गोळ्या द्या. दोन दिवस प्रश्न आले, मग सगळे विसरले. अभ्यासक्रमात डायबिटीस आला तेव्हा मात्र सगळ्या माझ्याकडे शिकायला आल्या.

तू निदान हॉस्टेलच्या रूममेटला तरी सांगच, आणि नुसतं सांगू नकोस, करून दाखव. स्वतः जमिनीवर आडवी हो आणि तिला तुला कुशीवर वळवायला लाव. घड्याळ बघायचं, आजूबाजूच्या टणक वस्तू सरकवायच्या, डोक्याखाली मऊ काहीतरी ठेवायचं. हातपाय दाबून धरायचे नाहीत, तोंडात काहीही घालायचं नाही. पाच मिनिटांत थांबली नाही, किंवा शुद्ध न येताच दुसरी आली, तर लगेच मदत बोलवायची. आमच्या वर्गात एकीला वाटायचं की दातांमध्ये चमचा घालायचा असतो. नर्सिंगच्या वर्गात!

शुद्ध आल्यावर काय बोलायचं हेही तिला सांग. ते तर तू वर लिहिलंच आहेस.


पहाटझोप:

सगळ्यांचे आभार. मधुमालतीताई, तुमच्या भावाचं वाचून रात्रभर वाईट वाटत होतं. तुम्ही लिहिलंत ते बरं केलंत, त्यामुळेच प्रत्येक कागदाची पोच घ्यायची हे डोक्यात पक्कं बसलं.

शनिवारी डॉक्टरांकडे गेले आणि बाईंनी सांगितलेले मुद्दे वाचून दाखवले. त्यांनी दीड पानाचं पत्र दिलं. कोणती औषधं टाळायची तेही ठळक लिहिलं. ड्युटी सातला सुरू होते म्हणून गोळी आता सकाळी सहाला आणि संध्याकाळी सहाला. रात्रपाळीला त्यांची ना नाही, पण सुरुवातीला सलग दोनपेक्षा जास्त नकोत म्हणाले. आज फॉर्म दिला. रकान्यात 'हो' लिहिलं. माझ्या प्रतीवर शिक्का मारून घेतला. गुरुवारी आरोग्य अधिकाऱ्यांनी भेटायला बोलावलंय, ते काय म्हणतात ते इथे लिहीनच. आत्या अजून नाराज आहे. पण पत्राच्या झेरॉक्स काढून आणल्या तिनेच, तीन प्रती, वेगवेगळ्या पाकिटांत घालून.

सातवा_वॉर्ड ताई, एक विचारायचं राहिलं. अँप्यूल आता कशी फोडता?


सातवा_वॉर्ड:

अँप्यूलच्या मानेभोवती गॉझ गुंडाळते, दोन्ही कोपरं ट्रॉलीवर टेकवते आणि खूण असते तिथून स्वतःपासून लांब अशी मोडते. हात टेकलेला असला की बारीक झटका तिथेच जिरतो. आणि सकाळी बोटं उडत असतील तर फोडतच नाही, शेजारचीला देते. ती मागत बसत नाही, हातातून घेते.

गुरुवारचं कळव. बुधवारी रात्री लवकर झोप.