ऑक्सिजनवरचं बाळ घरी येतंय, रात्रीच्या अलार्मचं काय करता?

२७व्या आठवड्यात जन्मलेली आमची लेक पुढच्या आठवड्यात एनआयसीयूतून (नवजात बाळांच्या अतिदक्षता विभागातून) घरी येतेय. नाकाला ऑक्सिजन, दूधही अजून नळीनेच. कॉन्सन्ट्रेटर (हवेतून ऑक्सिजन वेगळा करणारं यंत्र) आणलाय, वीज गेली तर सिलिंडर आहे, सीपीआर आम्ही दोघंही शिकलोय.

घोडं अडलंय ते पल्स ऑक्सिमीटरपाशी, म्हणजे रक्तातला ऑक्सिजन मोजणाऱ्या यंत्रापाशी. तिने पाय झाडला की आकडा धाडकन खाली आणि अलार्म सुरू. बाईसाहेब मात्र गुलाबी, निवांत! प्रोब (त्याचा पायाला लावायचा सेन्सर) दुसऱ्या पायाला लावला, वरून मोजा चढवला, फरक थोडाच. अलार्मची मर्यादा डॉक्टरांनी ठरवलीय, ती बदलायची नाही. रात्री तिसरं माणूस नाही, नर्स परवडणार नाही.

ज्यांनी हे दिवस काढलेत त्यांनी सांगा, अलार्म खरा की खोटा हे अर्धवट झोपेत आधी कशावरून ओळखायचात, आणि जागरणाच्या पाळ्या कशा लावल्या होत्या?