स्ट्रॉबेरी जॅम चिवट होतोय, पाकिटातलं पेक्टिन टाकू का?

डबेवाली_आई (सातारा): भिलारहून दोन किलो स्ट्रॉबेरी आणलीय, पोरांच्या डब्यासाठी जॅम करायचाय. सगळ्या व्हिडिओंत १०५ अंशांपर्यंत आटवायला सांगतात. पण थर्मामीटर १०२ च्या पुढे सरकेपर्यंत माझा जॅम काळपट पडतो आणि गार झाला की चमच्याला चिकीसारखा चिकटतो. जॅम घट्ट धरायला पेक्टिन आणावं का?

वाईची_मावशी: अगं, पेक्टिन राहू दे, आधी तो १०५ चा आकडा सोड. तो समुद्रकाठच्या गावांसाठी. सातारा उंचावर, तिथं पाणीच ९७-९८ ला उकळतं, म्हणजे तुझा जॅम १०२ लाच झालेला असतो. नुसतं पाणी उकळून त्यात थर्मामीटर बुडव, येईल त्या आकड्यात साडेचार मिळव, तिथं गॅस बंद. माझी नणंद महाबळेश्वरला असते, तिचा तर १००लाच होतो.

मी स्वतः बशीच वापरते. स्टीलची बशी फ्रीजरमध्ये ठेवायची, तिच्यावर थेंब टाकायचा, मिनिटभरानं बोटानं सरकवायचा. वर सुरकुती पडली की उतरव. बघताना गॅस बंद ठेव गं, नाहीतर तेवढ्यात पुढं जातो.

स्ट्रॉबेरीत पेक्टिन कमी असतं हे खरं. त्यासाठी दोन कच्चट पेरू बियांसकट चिरून बुडतील एवढ्या पाण्यात मऊ शिजव आणि ते पाणी न पिळता गाळून घाल. पिळलंस तर जॅम गढूळ होतो. किलोला पाऊण किलो साखर, एका मोठ्या लिंबाचा रस. दोन्ही किलो एकदम चढवू नकोस. पसरट पातेल्यात किलो-किलोनं कर. जास्त वेळ उकळलं की रंग गेलाच.

तासगावकर: मावशी, साखर निम्मी केली तर चालेल का? घरात मधुमेह आहे.

वाईची_मावशी: चालेल, पण मग त्याला जॅम म्हणून कपाटात ठेवू नका. साखरेमुळंच तो टिकतो. विकतच्या जॅममध्ये विरघळलेला ऐवज, म्हणजे मुख्यतः साखर, निदान ६५ टक्के लागतो, तो उगाच नाही. निम्म्या साखरेचा फ्रीजमध्ये ठेवायचा, छोट्या बाटल्यांत, आणि लवकर संपवायचा. आणि निम्मी झाली तरी साखर ती साखरच. मधुमेहवाल्यांना त्यापेक्षा चार ताज्या स्ट्रॉबेऱ्या द्या की!

डबेवाली_आई: आत्ताच पाणी उकळून बघितलं, ९७.५ आलं! पेरू आणायला पाठवलंय. बियांसकटच ना?

वाईची_मावशी: हो. आणि पिकलेले आणले तर परत पाठव.